इटालियनमध्ये रस्ता सांगताना 'दी' कुठे आणि 'के' कुठे?

मिरजकरीण

नमस्कार मंडळी. मी सध्या इटलीतल्या पेरुजात आहे. परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या विद्यापीठात भाषेचा कोर्स चालू आहे, पुढे मास्टर्सला जायचंय. आतापर्यंत बरं चाललं होतं, पण 'अमक्यापेक्षा तमकं लांब' हा धडा आला आणि गाडी अडली. आमच्या बाईंनी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली:

'असिसी ए प्यू विचीना दी रोमा.' म्हणजे असिसी रोमपेक्षा जवळ आहे.
'पेरुजा ए प्यू विचीना आद असिसी के आ रोमा.' म्हणजे पेरुजा रोमपेक्षा असिसीला जवळ आहे.

(नवीन लोकांसाठी: 'प्यू' म्हणजे जास्त, 'विचीना' म्हणजे जवळ. आणि हा 'के' लिहितात सी-एच-ई, पण 'चे' वाचायचा नाही.)

मराठीत दोन्हीकडे 'रोमपेक्षा'च आलं ना? मग पहिल्यात 'दी' आणि दुसऱ्यात 'के' कशाला? बाई म्हणाल्या, दोन वस्तू एका गुणावर तोलल्या तर 'दी', एका वस्तूचे दोन गुण तोलले तर 'के'. पण मला तर दोन्हीकडे एकच गुण दिसतो, जवळ असणं.

दुसरी अडचण रस्त्यावरची. परवा एका आजोबांना पोस्ट कुठे ते विचारलं. त्यांनी हातातली काठी वरच्या दिशेने केली आणि म्हणाले, 'प्यू सू, उन पो प्यू इन ला देल्ला फार्माचीया.' आणखी वर, औषधाच्या दुकानाच्या जरा पलीकडे. वर म्हणजे किती वर, आणि पलीकडे म्हणजे किती? इथे मीटरमध्ये कुणी सांगतच नाही का? मोबाइलवरचा नकाशा तीनशे मीटर म्हणतो आणि मी पोचते तेव्हा बोलायला दम उरलेला नसतो.

तिसरं छोटंसं: दुकान 'विचीना' म्हणायचं की 'विचीनो'? दोन्ही कानावर येतं.

पुस्तकातला नियम माझ्याकडे आहे. कुणी आपल्या भाषेत समजावून सांगेल का?


लोखंडी डबा

मिलानहून. नियम दोन ओळींचा आहे, उगाच घाबरू नका. 'पेक्षा'नंतर नाम, सर्वनाम किंवा आकडा आला तर 'दी'. बाकी काहीही आलं तर 'के'. दुसऱ्या वाक्यात रोमच्या आधी 'आ' आहे, म्हणून 'के'. परीक्षेला एवढं पुरतं.

रस्ता विचारायचं म्हणाल तर मिलानमध्ये मेट्रोचे रंग पाठ केले की झालं: लाल, हिरवी, पिवळी, निळी, जांभळी. मला तरी कुणाला 'प्यू' म्हणायची वेळ क्वचितच येते.


चढणीवरची

अगं मिरजकरीण, तू तर माझ्याच गावात निघालीस! मी मूळची रत्नागिरीकडची, पेरुजात आता बरीच वर्षं झाली. वरच्या जुन्या शहरात एका लहानशा हॉटेलच्या रिसेप्शनवर बसते. बुकिंग वगैरे सगळं मोबाइलवर होतं, त्यामुळे माझं मुख्य काम म्हणजे आल्यागेल्याला रस्ते सांगणं. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बस.

आधी फळा. डबेवाल्या दादांचा नियम बरोबर आहे, पण तुझी गाठ त्याने सुटणार नाही. गाठ इटालियनमध्ये नाहीच, आपल्या मराठीत आहे. आपल्याकडे 'पेक्षा' आला की आधीचा 'ला' गुपचूप गळतो. मूळ म्हणणं काय, तर पेरुजा असिसीला जवळ, रोमला तेवढं नाही. ते एका वाक्यात बसवलं की 'पेरुजा रोमपेक्षा असिसीला जवळ'. असिसीचा 'ला' राहिला, रोमचा गेला. 'रोमलापेक्षा' कुणी म्हणतं का? इटालियन मात्र तो गाळत नाही. असिसीला 'आ' लागलाय (पुढे स्वर आला म्हणून 'आद' झाला एवढंच), तर रोमलाही 'आ' लागणारच. आणि अशा दोन 'आ'वाल्या तुकड्यांच्या मध्ये 'के' उभा राहतो. पहिल्या वाक्यात रोमच्या मागे काहीच नाही, नुसतं रोम, म्हणून 'दी'.

आता याच्यापुढची गंमत बघ. 'पेरुजा ए प्यू विचीना आद असिसी दी रोमा.' हेही वाक्य शुद्ध आहे! फक्त अर्थ बदलला. आता रोम आणि पेरुजा या दोन गावांची तुलना चाललीय, की असिसीला कोण जास्त जवळ. मराठी कर बरं याचं? पुन्हा तेच, 'पेरुजा रोमपेक्षा असिसीला जवळ'. मराठी ऐकणारा संदर्भावरून समजून घेतो, इटालियन ऐकणारा 'दी' की 'के' यावरून. म्हणून मनात मराठी वाक्य जुळवून मग त्याचं इटालियन करायला गेलीस तर 'दी' की 'के' हे कळायची सोयच नाही. दुसऱ्या ठिकाणाच्या मागे 'आ', 'दा', 'इन' असं काही चिकटलंय का ते बघायचं. चिकटलं असेल तर 'के'. याच चालीवर हे वाक्य तर या गावात पाठच करून ठेव: 'सी फा प्रीमा आ पियेदी के इन आउतोबुस', बसपेक्षा चालत लवकर पोचतो. 'आ पियेदी', 'इन आउतोबुस', दोन्हीकडे शेपूट आहे, म्हणून मध्ये 'के'.

हे 'सी फा प्रीमा' पुस्तकात कोपऱ्यात कुठेतरी असतं आणि बाहेर जो तो तेच बोलतो. 'लवकर होतं' असा साधा अर्थ. वरच्या पियात्सा इतालियापासून तुमच्या विद्यापीठाकडे जायचं तर कोर्सो वान्नुच्ची सरळ पायी तुडवायचा. तो रस्ता चालणाऱ्यांचाच, बसला वळसा पडतो. पाहुणे विचारतात, बस कुठली? मी म्हणते, 'आ पियेदी सी फा प्रीमा.' पुढे 'के' वगैरे जोडायचीसुद्धा गरज नसते, बाकीचं समोरचा समजतो. आणि हातात बॅगा दिसल्या तर 'कोन ले वालीजे कोन्व्येने इल मिनिमेत्रो', बॅगा असतील तर मिनिमेत्रोच (केबलवर चालणारी छोटी विनाचालक गाडी) परवडते. 'कोन्व्येने' हेही असंच कामाचं. 'पेक्षा' कुठेच नाही, तरी तुलना आहे.

तुमच्या बाईंचं 'एका वस्तूचे दोन गुण' कुठे लागतं, ते फोन्ताना माज्जोरेच्या चौकातून विद्यापीठाकडे उतरताना बघ. कारंज्याच्या मागून व्हिया उलिस्से रोक्की धरायची. अशी उतरते की नवीन बुटांत बोटं पुढे जाऊन आपटतात, आणि तळाशी एत्रुस्कन लोकांची ती प्रचंड कमान, पलीकडे तुमचा पालात्सो गाल्लेंगा. या रस्त्याचं वर्णन 'ए प्यू रीपिदा के लुंगा', लांब कमी आणि उभी जास्त. रस्ता एकच, विशेषणं दोन, म्हणून 'के'. क्रियापदांचंही तसंच, 'ए प्यू फाचिले शेन्देरे के सालीरे', चढण्यापेक्षा उतरणं सोपं. हे मी सकाळी नऊला पाहुण्यांना सांगते, पण त्याचा अर्थ त्यांना संध्याकाळी परत येताना कळतो.

दादा, तुमच्या नियमाला एक भोक आहे बरं का. नाम आलं की 'दी', हे सगळीकडे चालत नाही. 'आ पेरुजा ची सोनो प्यू स्काले के स्त्रादे', पेरुजात रस्त्यांपेक्षा जिने जास्त. 'स्त्रादे' नामच आहे, तरी 'के'. कारण इथे जिने आणि रस्ते यांचा कुठला गुण तोललेला नाही, कशाची संख्या जास्त एवढंच बघितलंय. परीक्षेत नेमकं हेच घालतात.

आकड्यांना मात्र डोळे मिटून 'दी'. 'प्यू दी उन किलोमेत्रो', किलोमीटरपेक्षा जास्त. 'मेनो दी दुएचेन्तो मेत्री', दोनशे मीटरहून कमी. यात 'आ' कुठे बसतो ते नीट बघ: 'ए आ मेनो दी दियेची मिनूती आ पियेदी', चालत दहा मिनिटांच्या आत. 'आ' सगळ्यात आधी, मग 'मेनो दी', मग आकडा. माणसांचं म्हणशील तर 'आबितो प्यू विचीनो दी ते', मी तुझ्यापेक्षा जवळ राहते. आपण 'तूपेक्षा' म्हणत नाही, 'तुझ्यापेक्षा' म्हणतो, तसं तिथे 'तू'चं 'ते' होतं आणि 'यो'चं 'मे'. हे आपल्याला शिकवावं लागत नाही.

आता तुझे आजोबा. त्यांनी तुला उत्तम रस्ता सांगितला गं! या गावात मीटरला किंमत नाही. शहर डोंगरावर, चारशे त्र्याण्णव मीटर उंचीवर, आणि फोन्तिवेज्जेचं रेल्वे स्टेशन पार खाली. नकाशावर बोटभर दिसणारं अंतर इथे किती उंचीचं आहे ते नकाशा सांगत नाही. आमच्या रत्नागिरीकडच्या गावांत वरची वाडी, खालची वाडी म्हटलं की पत्ता पुरा होतो, तसाच इथला हिशोब. म्हणून 'विचीनो', 'लोन्तानो' याच्या आधी ही दुसरी जमात पाठ कर: 'प्यू सू' म्हणजे आणखी वर, 'प्यू जू' आणखी खाली, 'प्यू आवान्ती' आणखी पुढे, 'प्यू इन ला' पलीकडे, 'प्यू इन क्वा' अलीकडे. रोजच्या बोलण्यात यांच्यावर निम्मं काम भागतं. आणखी एक, 'इथे'साठी 'क्वी' आणि 'क्वा', 'तिथे'साठी 'ली' आणि 'ला' असे जोडशब्द शिकवलेत ना? त्यातल्या 'क्वा' आणि 'ला' यांनाच 'प्यू इन' लागतं. 'प्यू इन ली' असं कुणी म्हणत नाही. 'क्वी' आणि 'ली' ही ठरलेली, बोट ठेवलेली जागा, ती थोडी जास्त किंवा थोडी कमी होणार कशी?

आणि 'पलीकडे' म्हणजे कशाच्या पलीकडे, तर 'देल्ला फार्माचीया'. 'दी' आणि 'ला' मिळून 'देल्ला'. सिग्नल असेल तर 'देल सेमाफोरो', कमान असेल तर 'देल्लार्को'. हे तीन तोंडात बसले की रस्ता सांगणाऱ्याचं अर्धं वाक्य आपल्याला आधीच ऐकू येतं.

हॉटेलात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न 'ए लोन्तानो?', लांब आहे का? माझं ठरलेलं उत्तर, 'नो, मा ए तुत्ता सालीता.' नाही, पण सगळा चढ आहे. खालच्या बस स्थानकावरून, म्हणजे पियात्सा पार्तिज्यानीहून येणाऱ्यांना मी सरकत्या जिन्यांनी यायला सांगते. ते जिने १९८३ साली बसवलेत आणि रोक्का पाओलिनाच्या पोटातून वर येतात. पोप तिसऱ्या पॉलने १५४० च्या मिठाच्या करावरून झालेल्या बंडानंतर गावाला धडा शिकवायला हा किल्ला बांधला, तोही बाल्योनी सरदारांच्या वाड्यांवर, त्यांच्या भिंती पायाला घेऊन. त्यामुळे सरकत्या जिन्यावर उभं राहून वर येताना मध्येच जमिनीखाली विटांच्या कमानींची अख्खी जुनी गल्ली लागते, दारं, खिडक्या, चौक सगळं. तिथे लोक भांबावतात, बाहेर आलो की आत गेलो कळत नाही. मग मला फोन. मी म्हणते, 'सेम्प्रे प्यू सू', वर, आणखी वर. 'सेम्प्रे प्यू' म्हणजे उत्तरोत्तर जास्त. उजेड दिसला की पियात्सा इतालिया.

राहिलं विचीना की विचीनो. दुकान जवळ आहे, हे दुकानाबद्दल सांगतेयस, इटालियनमध्ये 'फार्माचीया' (औषधाचं दुकान) स्त्रीलिंगी, म्हणून 'ला फार्माचीया ए विचीना'. पण मी जवळ राहते, हे राहण्याबद्दल आहे, म्हणून बाई बोलली तरी 'आबितो विचीनो'. मराठीत 'जवळ' आणि 'लांब' कशानेच बदलत नाहीत, घर जवळ, शाळा जवळ, दुकानं जवळ, म्हणून आपली जीभ 'विचीनो'वर अडून बसते. दोन्ही कानावर येतं म्हणालीस त्याचं कारण असं, की पुढे 'आ' असेल तर 'विचीनो आल्ला स्तात्सियोने' असं न बदलणारं रूपही चालतं, 'स्टेशनजवळ' या अर्थाने. तुलना आली, 'प्यू' लागलं, की मात्र लिंग बघूनच बोल, 'ला फार्माचीया ए प्यू विचीना'. विचारतानाही तसंच: 'ए लोन्ताना ला स्तात्सियोने?' पण स्टेशनाचं नाव न घेता नुसतं 'लांब आहे का' विचारलं तर 'ए लोन्तानो?'


नकाशेवाला

चढणीवरच्या ताईंनी वर-खाली सांगितलं, मी आडवं सांगतो. दिशांना 'प्यू आ नोर्द दी', 'प्यू आ एस्त दी'. आता प्रश्न पडेल की 'आ' तर आहे, मग 'के' का नाही? कारण हा 'आ' 'नोर्द'ला लागलेला आहे, तुलनेतल्या दुसऱ्या गावाला नाही. गावाच्या मागे काहीच नाही.

उदाहरण असं घ्यावं की जे डोक्यात राहील. 'नापोली ए प्यू आ एस्त दी त्रिएस्ते.' नेपल्स त्रिएस्तेच्या पूर्वेला आहे. विश्वास बसत नाही ना? त्रिएस्ते स्लोव्हेनियाच्या सीमेवर, उजव्या टोकाला, असं आपल्या मनातलं चित्र. पण इटलीचा बूट सरळ उभा नाही, तिरका पडलाय. रोमसुद्धा व्हेनिसपेक्षा किंचित पूर्वेला येतं. रेखांश पाहा आणि वर्गात टाका हे वाक्य, निदान पाच मिनिटं तास पुढे सरकणार नाही.

कमीजास्तपणा नावात घुसलेली ठिकाणंही आहेत. तुमच्या गावातली फोन्ताना माज्जोरे, म्हणजे 'मोठी' कारंजी, 'माज्जोरे' हे 'प्यू ग्रान्दे'चंच जुनं रूप. लागो माज्जोरे तसंच, आणि गंमत म्हणजे तो इटलीतला सगळ्यात मोठा तलाव नाहीच, गार्दा त्याच्याहून बराच मोठा. 'सुपेरियोरे', 'इन्फेरियोरे' ही त्याच घराण्यातली, पण त्यांना 'दी' नाही, 'आ' लागतो. रस्त्यावरच्या किंवा सरकारी पाटीवर 'इन्फेरियोरे आ चेन्तो मेत्री' असं काही दिसलं तर 'शंभर मीटरहून कमी' असं वाचायचं. बोलताना कुणी हे वापरत नाही.

नेपल्सच्या राज्यात तर अख्ख्या प्रांतांची नावं अंतरावरून पडली होती. आब्रुत्सोचे पेस्कारा नदीवरून दोन भाग, अलीकडचा 'चित्रा' आणि पलीकडचा 'उल्त्रा', पुढे 'चितेरियोरे' आणि 'उल्तेरियोरे'. अलीकडचा कुणाच्या, तर नेपल्समध्ये बसलेल्या राजाच्या. कालाब्रियाचंही तसंच. आज 'उल्तेरियोरे' शब्द उरलाय तो 'अधिक माहितीसाठी' या अर्थाने कचेरीच्या कागदांवर. मूळ अर्थ पलीकडचा, आणखी लांबचा.

एवढं विषयांतर माफ करा.


गल्लीबोळ

व्हेनिसला राहतो, माझे दोन पैसे. इथे 'प्यू सू, प्यू जू'चा काही उपयोग नाही, पूल सोडले तर सगळं सपाट. आणि घरांचे नंबर रस्त्याप्रमाणे नाहीत, अख्ख्या पेठेचे सलग, हजारांत जातात. त्यामुळे नंबर सांगितला तरी कोणाला काही कळत नाही. इथला माणूस 'सेम्प्रे द्रित्तो' म्हणतो, नाकासमोर सरळ, आणि त्या सरळमध्ये चार वळणं आणि दोन पूल असतात.

पण 'सी फा प्रीमा' इथेही चोवीस तास. रियाल्तोहून सान मार्कोला जायला लोक एक नंबरच्या वापोरेत्तोची वाट बघत बसतात. ती बोट मोठ्या कालव्यावरच्या जवळपास सगळ्या थांब्यांना टेकत जाते. पिवळ्या पाट्या बघत बोळातून निघालात तर 'सी फा प्रीमा आ पियेदी के इन वापोरेत्तो'. जिथे चढणीवरच्या ताईंनी 'आउतोबुस' लिहिलंय तिथे फक्त शब्द बदला.

डबेवाले, मेट्रोचे रंग इथे चालायचे नाहीत.


मिरजकरीण

ताई, खूप खूप धन्यवाद. 'ला' गळतो ही गोष्ट वाचली आणि लख्ख प्रकाश पडला. हे आम्हाला कुणी सांगणार नव्हतं, वर्गात मराठी बोलणारी मी एकटीच. नकाशेवाले दादा, नापोलीचं वाक्य उद्याच्या तासाला टाकते.

अजून दोन शंका. मला म्हणायचंय, 'वाटलं होतं त्यापेक्षा लांब आहे'. इथे 'पेक्षा'नंतर अख्खं वाक्यच येतं, मग 'दी' की 'के'? आणि 'सगळ्यात जवळचं दुकान' विचारताना 'ला' दोनदा घालायचा का, फ्रेंच शिकलेली माझी रूममेट घालते.

आणि ही मी केलेली तीन वाक्यं, तपासाल का?

१. 'कासा मीया ए प्यू लोन्ताना दाल्लुनिवेर्सिता के दाल्ला स्तात्सियोने.' (माझं घर स्टेशनपेक्षा विद्यापीठापासून लांब आहे.)
२. 'सी फा प्रीमा आ शेन्देरे के आ सालीरे.' (चढण्यापेक्षा उतरून लवकर होतं.)
३. 'ला पोस्ता ए लोन्ताना क्वान्तो ला स्तात्सियोने.' (पोस्ट स्टेशनाइतकंच लांब आहे.)


चढणीवरची

तिन्ही बरोबर. पहिल्यात 'दाल्लुनिवेर्सिता' आणि 'दाल्ला स्तात्सियोने', दोन्हीकडे शेपूट आलं, मध्ये 'के', शाब्बास. तिसऱ्यात 'क्वान्तो' घातलास ते छान. 'इतकंच' म्हणायचं असेल तर 'पेक्षा'च्या भानगडीत पडायलाच नको.

अख्खं वाक्य आलं तर 'दी क्वान्तो'. 'ए प्यू लोन्तानो दी क्वान्तो पेन्सास्सी', वाटलं होतं त्यापेक्षा लांब आहे. ते 'पेन्सास्सी' जरा मानपानाचं रूप आहे, पेपरात तेच लिही. रस्त्यावर 'दी क्वान्तो पेन्सावो' सर्रास ऐकशील, कुणी कान धरणार नाही. आणि 'दिसतं त्यापेक्षा लांब' म्हणायला 'प्यू लोन्तानो दी क्वेल के सेम्ब्रा' हे सगळ्यात सोपं पडतं. चढ चढून आलेला पाहुणा काउंटरवर टेकून हेच म्हणतो, फक्त त्याच्या आधी एक उसासा असतो, तो लिहिता येत नाही.

'ला' एकदाच. 'दोवे ला फार्माचीया प्यू विचीना?' रूममेटला सांग, फ्रेंचमध्ये दोनदा लागतो, इथे नाही. तो एक 'ला'सुद्धा जपून वापर हं, कारण तो काढलास तर प्रश्न बदलतो. 'चे उना फार्माचीया प्यू विचीना?' म्हणजे 'याहून जवळ एखादं दुकान आहे का?' हे कधी विचारायचं, तर पहिल्याने सांगितलेलं दुकान फार खाली निघालं तर. आपल्या गावात हाच प्रश्न जास्त लागतो.

पोस्टात जाशील तेव्हा सकाळीच जा. आणि तू फोन्तिवेज्जेकडे राहतेस असं पहिल्या वाक्यावरून दिसतंय, तर विद्यापीठाला येताना मिनिमेत्रो पिन्चेत्तोपर्यंत घे, तिथून सरकते जिने आहेत. परत जाताना चालत जा, 'तुत्ता दिशेसा' आहे, सगळा उतार.


लोखंडी डबा

जिने-रस्ते वालं वाक्य वहीत लिहून घेतलं. आमच्या परीक्षेत खरंच आलं होतं, 'प्यू तुरिस्ती के स्तुदेन्ती' असं काहीतरी. आता कळलं तिथे 'दी' का नव्हता.